डावा स्पीकर गप्प का होता

रविवार, सकाळचे अकरा. दिवाणखान्यात फाडलेली खोकी, थर्माकोलचा चुरा आणि पाच नवे स्पीकर. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून मी, या घरचा जुना स्टिरिओ अँप्लिफायर, बोलतोय. माझी नाडीही न बघता मला मेलेला ठरवलं, म्हणून बोलतोय!

एकोणीस वर्षांपूर्वी बाबांनी मला दुकानातून मांडीवर घेऊन आणलं. बाबा आता घरीच असतात, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आई शिवणकाम करते. तिचं मशीन उजव्या स्पीकरला अगदी लागून. मशीनच्या खडखडाटातून तिच्या कानापर्यंत गाणी पोचवणं, हे माझं काम. किती गणवेश माझ्या तालावर शिवले गेले, मोजदाद नाही. त्याचं बक्षीस म्हणून तिने मला विणलेलं कापड पांघरलं. उकाड्याने जीव नकोसा व्हायचा, पण प्रेमाचं पांघरूण झिडकारायचं कसं?

त्या रविवारी चिरंजीवांनी होम थिएटर आणलं. म्हणाले, "हा डबा आता भंगारात."

आईने मशीन थांबवलं. "आणि माझी गाणी?"

"अगं, यात सगळं वाजतं."

"तीन रिमोट आहेत त्याला! मला एका बटणाची सवय आहे."

सूनबाई श्रवणयंत्रं दुरुस्त करते. ती टॉर्च घेऊन नव्या रिसीव्हरच्या, म्हणजे होम थिएटरच्या मुख्य पेटीच्या, मागे शिरली. "अरे, पुढच्या दोन स्पीकरांचा आवाज यातून बाहेर घेता येतो. तो जुन्याला देऊ. सिनेमा दोघं मिळून वाजवतील. आईंना गाणी लावायची तर नव्याला हातही लावायला नको."

"वाजला तर ठेवू," चिरंजीवांनी निकाल आधीच लिहून ठेवला होता.

जोडणी झाली. पडद्यावर एक मोटार डावीकडून सुसाट निघाली, पण पार उजवीकडे जाईपर्यंत मुकीच.

"बघ! अर्धा मेलाय हा."

वायर बदलली, खाचा पुसल्या, स्पीकरला दोन चापट्या मारल्या. माझ्या तोंडाकडे मात्र कुणी बघेना! चिरंजीव खोकं घेऊन आले, तेव्हा सूनबाईने पुढे लोंबणारं कापड वर केलं. डाव्या-उजव्या आवाजाचा तोल राखणारं बटण पार उजवीकडे फिरवलेलं.

"हे कुणी केलं?"

बाबांना एकाएकी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायची आठवण झाली.

"मी नाही हं," आई म्हणाली. "आणि मला दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं!"

कानांचं कुणी विचारलंच नव्हतं.

सूनबाईने एकदा आईच्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा बाबांच्या पाठीकडे. मग बटण मधोमध आणलं. मोटार अशी गरजली की चिरंजीव खोक्यासकट मागे सरकले. "बरं, राहू दे," एवढंच बोलले. माफी नाही!

आता संध्याकाळी सिनेमाला मी नव्याच्या जोडीने वाजतो, सकाळी गाण्यांना एकटा. आमचं छान जमलंय. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर एवढं ऐका: भंगारात काढण्याआधी त्याची सगळी बटणं एकदा बघा.

राहता राहिलं एक. सोमवारी सकाळी नऊला आई मशीनवर बसली, तेव्हा ते बटण पुन्हा पार उजवीकडे होतं; संध्याकाळी सिनेमाच्या वेळी परत मधोमध. ते फिरवणारी बोटं फार हलकी होती. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची असतात तशी. श्रवणयंत्रं दुरुस्त करणारीचीही असतात. कुणाची, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.