तीन यार्ड

चौथा आणि शेवटचा क्वार्टर सुरू झाला तेव्हा ऑर्विल क्रीकच्या पोरांच्या अंगात काही उरलं नव्हतं, आणि त्यांचा कोच व्हर्न होलेचेक याच्या अंगात तर सकाळपासूनच नव्हतं. नेब्रास्कातला नोव्हेंबर, मक्याची शेतं कापून मोकळी झालेली, वाऱ्याला अडवायला कुठे काही नाही. शाळेच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलच्या बाद फेरीचा सामना चालला होता आणि कॅल्डरचा संघ एकवीस-सात असा पुढे होता.

कॅल्डरकडे पोरांची फौज होती. एक दमला की दुसरा आत. व्हर्नकडे जेमतेम दीड डझन, त्यातही दोन जायबंदी. म्हणजे जी पोरं चेंडू घेऊन धडका मारायची, तीच उलट फिरून समोरच्यांच्या धडका अंगावर घ्यायची. पाणी प्यायला आली की गुडघ्यांवर हात ठेवून नुसती वाकून उभी राहायची.

शेवटची काही मिनिटं राहिली असताना प्रत्येक चाल सुरू करणाऱ्या केसी रूझिच्का या क्वार्टरबॅकनं चेंडू लांब फेकला, पुढे धावलेल्या आपल्या पोरानं तो शेवटच्या रेषेपलीकडे झेलला आणि टचडाउन झालं. सहा गुण. एकवीस-तेरा. बाकांवरची माणसं घोंगड्या टाकून उभी राहिली.

टचडाउननंतर दोन वाटा असतात. चेंडू लाथेनं दोन खांबांमधून मारला की एक गुण, आणि तो बहुतेक वेळा मिळतोच. नाहीतर रेषेपासून तीन यार्डांवर उभं राहून एकदाच धडक द्यायची. चेंडू पार गेला तर दोन गुण, नाही गेला तर काही नाही. अशा वेळी सगळे कोच किकच मारतात. सातनं मागे राहायचं आणि पुढच्या टचडाउनला बरोबरी साधायची. किक मारणारा ओवेन सेडलाक हेल्मेट अडकवून निघालाही होता. सगळ्या मोसमात त्याची एक किक चुकली नव्हती.

"ओवेन, थांब," व्हर्न म्हणाला. "दोनासाठी जातोय आपण."

शेजारी उभा असलेला ड्वाइट सेडलाक गर्रकन वळला. हा ओवेनचा बाप. गावात बियाण्यांचं दुकान चालवायचा आणि कित्येक वर्षं व्हर्नच्या हाताखाली मदतनीस कोच म्हणून राबायचा.

"ही काय थट्टेची वेळ आहे का, व्हर्न?"

"आत्ता दोन मिळाले तर सहानं मागे. मग पुढचं टचडाउन, तुझ्या पोराची किक, आणि जिंकलो. नाही मिळाले तर पुढच्या वेळी पुन्हा दोनासाठी जाऊ आणि बरोबरी करू. आत्ता चुकलं तर सुधारायला जागा आहे. शेवटी चुकलं तर नाही."

"आणि दोन्ही वेळा चुकलं तर?"

"तर घरी जाऊ."

"सरळ बरोबरी करायला काय धाड भरलीय?"

"बरोबरी म्हणजे जादा वेळ, ड्वाइट. बघ जरा आपल्या पोरांकडे."

ड्वाइटनं पाहिलं नाही. "पोरगा माझा आहे म्हणून नाही बोलत मी."

"माहीत आहे."

"थोडं त्यासाठीही बोलतोय."

व्हर्नला हसू आलं असतं, पण तेवढीही ताकद नव्हती. केसीनं कोपऱ्याकडे चेंडू फेकला. तो झेलणाऱ्याच्या बोटांना लागला आणि गवतावर पडला. शून्य.

"व्हर्न!" बाकांवरून लुमीर न्हावी ओरडला. "सहा अधिक एक किती होतात रे? बोटांवर मोज, आम्ही थांबतो!"

सगळं गाव हसलं. व्हर्नची बायको जोलीन खाली कॉफी आणि कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, विकत उभी होती, तिनं मान वर केली नाही. ड्वाइटनं ओवेनला बाकावर बसायची खूण केली, आणि ते लुमीरच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

मग पोरांनी कसं काय केलं कोण जाणे. कॅल्डरला त्यांनी रोखलं, चेंडू परत मिळवला आणि मैदान कणाकणानं मागे सारत नेलं. गॅरेट नेमेक म्हणून एक दांडगा पोरगा होता, गुरांमध्ये वाढलेला. दर वेळी त्याच्याच हातात चेंडू, दर वेळी तिघे-चौघे त्याच्या अंगावर. शेवटी तो त्या सगळ्यांना ओढतच रेषेपलीकडे पडला. एकवीस-एकोणीस, आणि घड्याळात काही सेकंद.

आता निवडायचं काही नव्हतंच. दोन मिळाले तर बरोबरी, नाहीतर सामना संपला. गॅरेट उठत होता. आधी एक गुडघा उचलला, मग बराच वेळ तसाच थांबला, मग उरलेलं अंग वर आणलं. त्याच्याकडे बघता बघता व्हर्नच्या मनात आलं, चुकू दे हे.

तो दचकला. पाठीमागून कुणी बोललं असावं असं वाटून त्यानं वळूनही पाहिलं. मागे पाण्याच्या बाटल्या होत्या. पण ते त्याचंच होतं, आणि एकदा मनात आलेलं जाईना. चुकू दे, म्हणजे ही पोरं घरी जातील, गरम पाण्यात पाय सोडतील, आणि मीही जाईन.

केसीनं या वेळी चेंडू कुणाला दिलाच नाही. तो स्वतःच पायांच्या गर्दीतून सरपटत घुसला आणि पार गेला. एकवीस-एकवीस. बाकांवर एकच गलका झाला. व्हर्ननं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर.

ड्वाइटनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "काय केलंस शेवटी? दोन किका मारल्या असत्या तरी एकवीसच झाले असते. जीव काढून आलो कुठे, तर तिथेच!"

"हो," व्हर्न म्हणाला.

जादा वेळेत दोन्ही संघांना आळीपाळीनं एकेक संधी मिळते, प्रत्येकी चार धडकांची. कॅल्डरनं ताजी पोरं उतरवली, त्यांनी सहज टचडाउन केलं, किकही मारली. अठ्ठावीस. ऑर्विल क्रीकची पोरं चारही धडका वापरून, अगदी शेवटच्या धडकेत पोहोचली. अठ्ठावीस-सत्तावीस. व्हर्ननं वेळ मागून घेतली आणि पोरं त्याच्याभोवती गोळा झाली.

"काय करायचं?" त्यानं विचारलं. "किक मारली तर बरोबरी, आणि पुन्हा एक फेरी. दोनासाठी गेलो तर इथेच काय तो निकाल."

केसीचा ओठ फुटला होता. "कोच, तुम्हीच सांगा ना," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. झोपेला आलेलं मूल घरी कधी जायचं विचारतं, तसा आवाज होता. गॅरेट शेजारच्याच्या खांद्यावर रेलला होता. ओवेन एकटाच मैदानाकडे बघत होता, चेंडू कुठे ठेवायचा ते नजरेनं ठरवत.

"दोन," व्हर्न म्हणाला. "गॅरेट, मधून."

ड्वाइटनं तोंड फिरवलं. मग पोराच्या मानेवर क्षणभर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं गॅरेटच्या हेल्मेटचा पट्टा नीट आवळून दिला.

गॅरेट मधून गेला. दोन्ही बाजूंची पोरं एका ढिगात कोसळली. पंच एकेकाला बाजूला करत तळापर्यंत गेला. चेंडू गॅरेटच्या पोटाशी घट्ट होता, आणि रेषेच्या वीतभर अलीकडे होता.

कॅल्डरची पोरं नाचत आत आली. व्हर्ननं त्यांच्या कोचशी हात मिळवला, आपल्या एकेका पोराला हात देऊन उठवलं. ओवेन सगळ्यात शेवटी त्याच्यासमोर आला.

"कोच, मी मारली असती ती."

"मारलीच असतीस, मला माहीत आहे."

"मग?"

"मग अजून एक फेरी झाली असती, ओवेन. मला बघवली नसती."

पोरानं त्यावर विचार केला. "मला खेळता आली असती," तो म्हणाला आणि निघून गेला.

ड्वाइट बाटल्या गोळा करत होता. "उद्या भांडायला येतो तुझ्याकडे," वर न बघता तो म्हणाला. "आज पायात दम नाही."

संघाचे कपडे शाळेच्या धुण्याच्या खोलीत व्हर्न आणि जोलीनच धुवायचे. चिखलानं जड झालेले सदरे ती उलटे करत होती आणि तो मशीनमध्ये टाकत होता.

"दुसऱ्या वेळी ते दोन गुण मिळू नयेत असं मला वाटलं," तो म्हणाला. "खरंच वाटलं. स्वतःच्या पोरांचे."

"मला तर पहिल्या वेळेपासून वाटत होतं," जोलीन म्हणाली. "मी देवाला म्हटलंसुद्धा, आता आवर हे."

"ओवेन म्हणतो, त्याला खेळता आली असती."

"आली असती. त्याचं वय काय, तुझं काय."

"मग शेवटी दोनाला मी पोरांसाठी गेलो का माझ्यासाठी?"

एका सदऱ्याच्या बाहीत मातीचं ढेकूळ अडकलं होतं, ते तिनं काढलं. "थोडं पोरांसाठी, थोडं तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तो निर्णय चुकला असं नाही म्हणत मी. पण तू दमलायस, व्हर्न. सामन्यापुरता नाही. सगळाच."

या बोलण्यानं वाईट वाटेल म्हणून तो थांबून राहिला. वाटलं नाही. उलट कुणीतरी त्याच्या हातातलं ओझं धरल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर ड्वाइट बोलल्याप्रमाणे भांडायला आला. टोपी काढायच्या आधीच त्यानं सुरुवात केली. "एक किक, व्हर्न! एक साधी किक! पोरगं जेवलं नाही रात्री."

"ऐक," व्हर्न म्हणाला. "पुढच्या वर्षापासून संघ तू घे."

ड्वाइट खुर्चीत बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. "असं मध्येच बोलून माझं भांडण घालवू नकोस."

"भांड की. आधी हो म्हण, मग भांड."

"जोलीन, हा शुद्धीवर आहे का?"

"आज आहे," जोलीन आतून म्हणाली.

ड्वाइट बराच वेळ टोपीची कड चाचपत राहिला. चेहरा हळूहळू लाल होत गेला. "बरं," तो शेवटी म्हणाला. "पण आत्ताच सांगून ठेवतो. आठनं मागे असलो तर मी किक मारणार."

व्हर्नच्या अगदी तोंडाशी सगळं आलं होतं, आधी चुकलेलं सुधारता येतं आणि नंतरचं नाही, ते सगळं. ते खरं होतं आणि उद्याही खरंच राहणार होतं.

"मार," तो म्हणाला, आणि त्यानं दोन कपांत कॉफी ओतली.