सात नंबरची पवनचक्की

अकोले तालुक्यातल्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा सविता शाळेत होती. सात नंबरची तर त्यांच्या बांधालाच लागून. तिच्याकडे बघत बघत सवितानं आयटीआय केलं आणि त्याच कंपनीत देखभालीच्या कामाला लागली. वडील श्रीमंतअण्णा पाहुण्यांना सांगत, "आमच्या पोरीची चक्की हाय ती."

यंदा ती चक्की उतरवायचं कंपनीत ठरलं. घरी सांगणं सविताच्या जिवावर आलं होतं. शेवटी जेवताना तिनं सांगून टाकलं.

"बिघडली का?" अण्णांनी विचारलं.

"नाही. वाराच मंदावलाय, अण्णा. वीसेक वर्षांत पावसाळ्यातला वारा हळूहळू कमी होत गेलाय. ही बुटकी पडते. पलीकडच्या कड्यावर उंच चक्क्या बसवणारेत."

"वारा कुठं जातोय? एखांद्या साली कमी, एखांद्या साली जास्त!" अण्णा ताटावरून उठले.

 मग एका सकाळी ते म्हणाले, "मला एकदा चक्कीच्या आत ने."

साहेबांची परवानगी काढून, सुरक्षेचा पट्टा बांधून सवितानं त्यांना आतल्या शिडीवर चढवलं. पहिल्या टप्प्यावरच अण्णा थांबले. "बास, हितूनच रामराम," म्हणत ते खाली बसले आणि लोखंडाला कान लावून राहिले. आषाढ चालू होता, पण वारा घुमत नव्हता, आत सामसूम होती.

"आषाढात या पठारावर तुझी आई डोक्यावरचा भारा टाकून खाली बसायची," ते म्हणाले. "वाऱ्यानं उभंच ऱ्हाता यायचं न्हाई. परवा सरळ चालत आली." मग म्हणाले, "व्हय. कमी झालाय."

सविताचे डोळे भरून आले.

"रडतीस काय? दुसऱ्या कुनी हात लावन्यापरीस तूच उतरव."

दिवाळीनंतर क्रेन आली. वर चढून सवितानं स्वतः बोल्ट सैल केले. एकेक पातं सावकाश खाली आलं. अण्णांनी सगळ्या कामगारांना पिठलं-भाकरी खाऊ घातली. मग ते पात्याच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत गेले. वाऱ्यापावसानं ते खरबरीत झालं होतं.

"लई राबली," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात नव्या चक्क्यांचं शिक्षण घ्यायला सविता तमिळनाडूला निघाली. एसटीच्या खिडकीशी येऊन अण्णा म्हणाले, "पोचल्यावर फोन कर. आन तिकडं वारं कसं हाय, त्ये बी सांग."