काउंटीच्या कागदातला भाऊ

"पत्रिका मागून बघतो आम्ही. आधी काउंटी," पद्मिनी म्हणाली.

इकडे ह्यूस्टनच्या मंदिरात प्रसादाचा शिरा खात बसलो होतो. पद्मिनीच्या नातीसाठी स्थळं बघणं चालू आहे. मुलगा ज्या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, राहतो तिथल्या कोर्टाच्या वेबसाइटवर जायचं, नाव घालायचं, जन्मतारीख घालायची. दारू पिऊन गाडी चालवताना कधी पकडलं असेल तर सगळं समोर येतं. तारीख, वेळ, रस्ता, निकाल.

"आणि ते कुणालाही बघता येतं?" मी विचारलं.

"कुणालाही. पब्लिक असतं ते. परवा डॅलसचा एक मुलगा गळला. आईवडील सांगत होते, ज्यूससुद्धा बिनसाखरेचा पितो!"

पद्मिनी हसली, मीही हसले. पण उरलेला शिरा मी बाजूला ठेवला. तेरा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाला, उल्हासला, आमच्या घरापासून पाच मिनिटांवर पोलिसांनी पकडलं होतं. त्यानंतर मी त्याला पाहिलेलं नाही.

उल्हास माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. आमचे वडील मिरजेला पोस्टात होते. आई सदा आजारी, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, रात्री पाय चेपणं माझ्याकडे. तो शिकायला अमेरिकेत आला तेव्हा मी आधीच इथे होते, यांच्याबरोबर. ह्यूस्टनच्या विमानतळावर तो उतरला तो आईने दिलेला मेतकुटाचा डबा छातीशी धरून. पुढे इथल्याच तेलाच्या कारखान्यात इंजिनिअर झाला. दर रविवारी जेवायला यायचा. शुभाशी लग्न झाल्यावर दोघं यायची. मूलबाळ नव्हतं. शुभा वारली आणि त्याचं पिणं सुरू झालं. आधी शनिवारी, मग रोज.

अमेरिकेत भाऊबीज शनिवारी येते, तिथी कुठलीही असो. त्या शनिवारी आमच्याकडे महाराष्ट्र मंडळाची वीसेक माणसं जेवायला होती. संध्याकाळी साडेसहाला उल्हास आला तो गाडी अंगणातल्या कुंडीवर घालून. झोकांड्या खात दाराशी उभा राहिला. हातात माझ्यासाठी साडीचा खोका होता. आणि दार बंद झालं. तो परत गाडीत बसला आणि गेला.

घरात आजवर सगळे हेच समजतात की दार यांनी लावलं. आता हे जाऊन चार वर्षं झाली.

त्याला पोलिसांनी पकडल्याचं दुसऱ्या दिवशी मंडळातल्या कुणाकडून तरी कळलं. नंतर उल्हासचा फोन बंद झाला. घर विकलं गेलं. ओळखीच्या चार जणांना विचारलं, कुणाला माहीत नव्हतं. पाचव्याला मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर तोंड नव्हतं.

मंदिरातून घरी आल्यावर मी अदितीला हाक मारली. अदिती माझी नात, माझ्या मुलीची, रेणूची मुलगी. वीस वर्षांची आहे. सुट्टीला घरी आली होती.

"मामाआजोबांचं रेकॉर्ड? आजी, आर यू शुअर?"

"त्यात पत्ता असेल ना गं?"

"असू शकतो. लेट्स सी."

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. आडनाव, नाव. जन्मतारखेशिवाय पान पुढे जाईना.

"पंधरा ऑक्टोबर एकावन्न," मी ताबडतोब सांगितलं. कोजागिरीचा जन्म. बाळंतिणीच्या खोलीबाहेर मी दुधाचा पेला धरून बसले होते, ते मला कालसारखं आठवतं.

"नथिंग," अदिती म्हणाली. "झीरो रिझल्ट्स."

तिने पुन्हा घातली. पुन्हा काही नाही. मग शेजारची काउंटी बघितली. तिथेही नाही.

"आजी, मेबी त्यांनी केस काढून टाकली असेल. तसं करता येतं कधीकधी. इट्स अ गुड थिंग."

चांगली गोष्ट होती खरी. मला मात्र रडू फुटलं. त्याच्यावरचा डाग पुसला गेला असेल तर त्याच्यापर्यंत जायची वाटही पुसली गेली, एवढंच माझ्या मनात आलं. अदिती घाबरून पाणी घेऊन आली.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळ्या लाटताना मला आठवलं. लाटणं तसंच टाकून मी तिच्या खोलीत गेले.

"अदिती, ऊठ. एक जून घाल."

"व्हॉट?"

"एक जून एकावन्न. शाळेतली तारीख."

उल्हास माझ्यावाचून घरी राहत नसे. मी शाळेत निघाले की आकांत मांडायचा. शेवटी वडील त्याला घेऊन हेडमास्तरांकडे गेले. जूनमध्ये पाच पूर्ण हवीत, हेडमास्तर म्हणाले. मग लिहा एक जून, वडील म्हणाले. हेडमास्तरांनीही टाक बुडवून लिहिलं. आमच्या वेळी अर्धा वर्ग एक जूनला जन्मलेला असे. तीच तारीख मॅट्रिकला, तीच पासपोर्टवर, तीच इथल्या लायसन्सवर. कोजागिरी फक्त आम्हा घरच्यांना माहीत होती.

"सो ही हॅज टू बर्थडेज?" अदिती डोळे चोळत म्हणाली. "आणि एक फेक?"

"फेक काय म्हणतेस! सरकारी आहे ती."

तिने तारीख घातली. या वेळी पानावर एकच ओळ आली. त्याचं नाव, मधे वडिलांचं नाव, आणि सतरा नोव्हेंबर दोन हजार बारा. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा, केस बंद. वडिलांचं नाव त्या ओळीत बघून मी पदराने लॅपटॉपचा पडदा पुसला. काही नव्हतं त्यावर.

पत्ता वेबसाइटवर नव्हता. पूर्ण कागद हवे असतील तर कोर्टाच्या कचेरीत जाऊन मागायचे, असं लिहिलं होतं. अदितीने मला गाडीत घातलं.

कचेरीतल्या खिडकीवर एक जाडसर, हसरी बाई होती. मला वाटलं विचारेल, तुम्ही कोण, कशाला हवे. तिने फक्त केसचा नंबर विचारला आणि बसा म्हणाली. वीस मिनिटांनी चौदा पानं हातात आली. माझ्या भावाच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट संध्याकाळ, पिन मारलेली, कुणीही मागावी अशी.

तिथल्याच बाकावर आम्ही वाचायला बसलो. अदिती वाचत होती, मी तिच्या बोटाकडे बघत होते. अटक सहा चाळीसला, आमच्या वसाहतीबाहेरच्या दुसऱ्या सिग्नलला. सिग्नल हिरवा होऊनही गाडी उभी होती. आरोपी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडत होता.

तिसऱ्या पानावर जामिनाचा अर्ज होता. जवळचे नातेवाईक कोण, या रकान्यात त्याच्या तिरप्या अक्षरात माझं नाव, मोठी बहीण, आणि आमच्या घरचा नंबर. खाली तुरुंगातल्या कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, तीनदा फोन केला, उत्तर नाही.

"आबांनी उचलला नसेल," अदिती हळूच म्हणाली. "ही वॉज सो अँग्री ना त्यांच्यावर?"

आणखी एक खोटं त्यांच्या नावावर चढत होतं. या वेळी मला ते गप्प राहून चढवता आलं नाही.

"आबा रागावले नव्हते," मी म्हटलं. "ते दार उघडायला उठले होते. मी त्यांचा हात धरला आणि कडी घातली. घरात मंडळाची माणसं होती. त्यांच्यासमोर तो तसा... आणि फोन वाजला तेव्हा मला वाटलं तोच करतोय. मी आवाज बंद केला आणि श्रीखंड वाढायला गेले."

अदितीने पान उलटलं. शेवटच्या पानावर पत्ता बदलल्याचा अर्ज होता, दोन हजार चौदाचा. अर्विंगमधलं एक अपार्टमेंट आणि खाली नवा फोन नंबर. आमच्यापासून गाडीने चार-साडेचार तास. मी मनात त्याला कुठे कुठे नेऊन ठेवलं होतं. कॅलिफोर्नियात, मिरजेत, आणि काही रात्री तर नाहीच असा.

"करू?" अदितीने विचारलं.

"मी करते."

तिसऱ्या खेपेला नंबर नीट लागला. चार रिंगा झाल्या.

"हॅलो?"

आवाज म्हातारा झाला होता. तरी तोच.

"उल्हास, मी ताई."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"हे गेले. चार वर्षं झाली."

"दाजी गेले..." तो म्हणाला. "मला कळवलं नाहीस."

"कुठे कळवणार होते रे?"

"मग आता नंबर कुणी दिला?"

"कोर्टाने."

तो हसला. पूर्वी हसायचा तसा, नाकातून. "म्हणजे सगळं वाचलंस."

"वाचलं. उल्हास, त्या दिवशी दार मी लावलं. हे नाही. फोनही मीच..."

"दार तू लावलंस ते माहीत आहे मला. तुमच्या दाराला काच होती, ताई. दाजींचा हात ओढताना दिसलीस तू."

कचेरीत कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. तेरा वर्षं मी जे घरच्यांपासून लपवलं ते त्याने त्याच क्षणी काचेतून बघितलं होतं, आणि त्याच रात्री जवळच्या नातेवाईकाच्या रकान्यात माझंच नाव लिहिलं होतं.

"पीत नाही आता," तो म्हणाला. "त्या दिवसापासून नाही. गाडीही चालवत नाही. दर शनिवारी आमची एक मीटिंग असते, पिणं सोडलेल्या लोकांची. मी कॉफी करतो सगळ्यांसाठी."

"मी येऊ? अदिती आणेल मला. या शनिवारी."

मी कानाला फोन इतका दाबून धरला होता की दुखायला लागलं.

"शनिवारी दुपारपर्यंत नसतो मी."

"मग दुपारनंतर येते."

"जिना आहे. लिफ्ट नाही."

"बसत बसत चढेन."

"बरं," तो म्हणाला. "घे, पत्ता लिहून घे."

पत्ता माझ्या मांडीवरच होता, चौदाव्या पानावर, कोर्टाचा शिक्का मारलेला. अदितीने बोट ठेवून तो मला दाखवला. मी तिचं बोट बाजूला केलं आणि म्हटलं, "सांग, लिहिते."

तो सावकाश सांगत गेला. इमारतीचा नंबर, रस्त्याचं नाव, डावीकडचा जिना. पूर्ण झाल्यावर मी म्हटलं, ऐकू नाही आलं, पुन्हा सांग. त्याने पुन्हा सांगितला.