शंखातला वारा

वेलांटीकाकांचं लाल पेन ‘लोबी’ या शब्दावर येऊन अडलं.

छापखान्याच्या छोट्या रोजनिशीत देशोदेशीच्या चलनांचा एक तक्ता असे. त्यात चलन, त्याचं सुटं नाणं आणि त्या शब्दांचे अर्थ. पेसो म्हणजे वजन, क्रोन म्हणजे मुकुट, सेंट म्हणजे शंभरावा. माणसाने पैशाला नाव देताना आधी वजन पाहिलं, मग राजाचं डोकं, आणि शेवटी कंटाळून नुसता ‘शंभरावा’ म्हणून मोकळा झाला, असं काका म्हणत. एकतीस वर्षं ते हा तक्ता तपासत होते. यंदा एका बेटाच्या ओळीत हे नवीनच : लोबी, म्हणजे शंखातला वारा. अर्थ फारच गोड होता, आणि गोड गोष्टींवर काकांचा विश्वास नव्हता.

कोशात लोबी सापडेना. काका मालकांकडे गेले.

“हा शब्द कुठून आला?”

“आलाय कुठून तरी. राहू द्या.”

एका अनुस्वारासाठी छापखाना डोक्यावर घेणारे मालक, आणि ‘राहू द्या’? काकांच्या मनात पाल चुकचुकली.

गेली दोन वर्षं पलीकडच्या गल्लीतला छापखाना हाच तक्ता आधी बाजारात आणत होता. कुणीतरी प्रुफं बाहेर देत होतं. काकांनी मशीनवाल्याची प्रत मागून पाहिली. तिथे लोबी नव्हता. त्या जागी होता ‘तुरो, म्हणजे माशाचा डोळा’. प्रत्येकाला वेगळा खोटा शब्द दिलेला. ज्याचा शब्द पलीकडे छापून येईल, तो चोर.

काकांना आधी राग आला, मग नुसतंच वाईट वाटलं.

“गप्प बसा की,” मशीनवाला कुजबुजला. “आठवड्यात पलीकडचा तक्ता आला की आपोआप सुटाल. खोडलंत तर म्हणतील, सापळा कळला म्हणून खोडलं.”

“आणि खाली ‘तपासले, बरोबर’ म्हणून सही कोण करणार? मीच ना?”

त्यांनी लोबी खोडला, सही केली आणि पान मालकांपुढे ठेवलं.

“कुणी सांगितलं तुम्हाला?” मालकांनी विचारलं.

“कोशात नाही.”

“मी राहू द्या म्हटलं होतं.”

“खोट्यावर सही कशी करू?”

मालकांनी पान खणात टाकलं. “उद्यापासून प्रुफं आमचे जावई बघतील.”

काकांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला कोश पिशवीत घातला. फाटकावर रखवालदाराने नजर चुकवत पिशवी उघडायला सांगितली. काकांनी कोश काढून त्याची पानं झटकून दाखवली.

“असू द्या हो, काका.”

“नाही, नीट बघून घे,” काका म्हणाले, आणि त्यांनी रिकामी पिशवी उलटी करून धरली.