डाव्या सीटवरचं नाव

मी बोलतेय ती शाहूपुरीतल्या गुळाच्या वखारीमागच्या पत्र्याच्या छपरातून. दोन सीटची विलायती मोटार मी. रंगानं हिरवी, नाकानं लांब आणि वयाच्या मानानं अजून बरी. कोल्हापुरात मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लोक हसले. एवढं मोठं नाक आणि बसायला जागा दोघांनाच, मग बाकीच्यांनी काय नाकावर बसायचं, असं एकजण म्हणालाही. मला राग आला होता. पुढं सवय झाली.

जन्म विलायतेतला. तिथली थंडी तेवढी आठवते. बोटीतून मुंबईला उतरले आणि एका साहेबाबरोबर या गावात आले. इंग्रजांचं राज्य गेलं तसा साहेबही निघाला. जाताना त्यानं माझ्या बॉनेटवर एक थाप मारली, आणि दुसऱ्या दिवशी नेमकं त्याच जागी तात्यांनी हळदकुंकू लावून नारळ फोडला. तेव्हापासून मी कोल्हापूरची.

तात्या म्हणजे गुळाचे अडते. खरं नाव नृसिंह, पण ते फक्त वखारीच्या पाटीवर. घरात, बाजारात, तालमीत सगळे तात्याच म्हणत. त्यांची थोरली बहीण अक्का तर म्हणे, पाळण्यातसुद्धा याला तात्याच म्हणायचे. मी त्यांच्याकडं आले त्याच साली त्यांचं लग्न झालं आणि विमलाबाई घरात आल्या.

घर माणसांनी गच्च भरलेलं. नवराबायकोनं दिवसाउजेडी एकमेकांशी बोलायची पद्धत नव्हती. काही हवं असलं तर विमलाबाई म्हणायच्या, "अक्का, यांना म्हणावं, पान वाढलंय." आणि तात्या चार हातांवर बसलेले असायचे. रविवारी मात्र दोघं पन्हाळ्याला निघत. पंचगंगेचा पूल येईपर्यंत गप्प, मान सरळ, जणू दोघं वेगवेगळ्या गावचे. पूल मागं पडला की विमलाबाईंचं तोंड जे सुटायचं, ते गडाच्या पायथ्यापर्यंत बंद व्हायचं नाही. तात्या ऐकायचे आणि हसायचे. दोनच सीट असल्याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटायचा. तिसरं माणूस बसवायला जागाच नव्हती ना!

सुख असलं की माणसाला दुरुस्तीची हुक्की येते. वळणावर मी जराशी कलत असे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, पण तात्यांना ते खुपायला लागलं. लालासाब हा त्यांचा तालमीतला दोस्त. बापजाद्यांपासून टांग्याच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, बनवणारं घराणं, आता मोटारीही दुरुस्त करायचा. दोघांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि ठरवून टाकलं की गाडी ढिली आहे. गडी कसा ताठ पाहिजे, तशी गाडीही. मागच्या दोन्ही कमानींत एकेक पाटा वाढवला की काम फत्ते. दोघंही शहाणे आणि दोघांचं मत एक, तिथं तिसऱ्याचं कोण ऐकतो? त्यातून मी मुकी.

पाटे चढले. माझं बूड एकदम कडक झालं. सपाट रस्त्यावर मी खरंच ऐटीत धावले, आणि तात्या मिशीतल्या मिशीत हसले.

पुढच्या रविवारी पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या वरच्या वळणावर व्हायचं ते झालं. रस्त्याला चाकोऱ्या पडल्या होत्या. पूर्वी मी त्या पोटात घालून गेले असते. त्या दिवशी माझी मागची चाकं जमिनीवरून उडाली, परत टेकायच्या आत वळण आलं, आणि माझं बूड दरीकडं सरकायला लागलं. तात्यांचे हात स्टिअरिंगच्या चाकावर थिजले होते. तेवढ्यात डाव्या सीटवरून एक किंकाळी आली. "नृसिंह!"

त्या हाकेनं तात्यांचे हात जागे झाले. ज्या बाजूला मी सरकत होते त्याच बाजूला त्यांनी चाक फिरवलं, मी सावरले आणि करवंदीच्या जाळीत तोंड खुपसून थांबले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. विमलाबाई खाली उतरल्या, पदर खोचला आणि वाघबीळपर्यंत चालत जाऊन एस.टी.नं घरी गेल्या.

त्या दिवसापासून डावी सीट रिकामी.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्या काळी बायका मानत. मंगळागौरीला उखाण्यात गुंफून घेतलेलं चालायचं, पण असं उघडं, नुसतं, किंचाळून? हे मला तेव्हा कळलं नाही. सगळ्यांसारखं मलाही वाटलं, बाई मला भ्यायली. फार लागलं मनाला.

तात्यांचा जीव तर कासावीस झाला. आता रविवारीही अक्कांच्या मार्फतच पान वाढल्याचे निरोप येऊ लागले. त्यांनी लालासाबला गाठलं आणि म्हणाले, काहीही कर पण ही गाडी वळणावर जमिनीला चिकटून चालली पाहिजे, नाही तर मी ती विकून टाकीन. लालासाबनं पुष्कळ डोकं खाजवून बैलगाडीच्या भाषेत निदान केलं. "धुरजड हाय गाडी, तात्या. पुढं वजन, मागं कायबी न्हाय. म्हनून उडतीया." बैलगाडी धुरजड झाली की मागं ओझं टाकतात. गुळाच्या वखारीत ओझ्याला काय तोटा? दोन ढेपा माझ्या सीटमागं, आणि वैनींच्या जागेला वजन हवं म्हणून एक ढेप डाव्या सीटवर, दोरीनं बांधून.

काय सांगू त्या फजितीचं! सरळ रस्त्यावर उडणं जरा कमी झालं, पण वळणावर एवढं ओझं मागून लोटायला लागलं की माझं बूड आधीपेक्षा लांब जायचं. वर ऊन. ढेप पाघळली, सीटच्या शिवणीत गूळ उतरला आणि साऱ्या शाहूपुरीतले मुंगळे माझ्याकडं पावणं म्हणून आले. लालासाब दरवेळी ढेपेकडं बघून विचारायचा, "वैनी, आता कसं वाटतंय?" तात्यांना एकदाही हसू आलं नाही.

शेवटी एका दुपारी ते सीट पुसत बसले असताना विमलाबाई गरम पाण्याची बादली घेऊन आल्या. वखारीत कुणी नव्हतं. गूळ गार पाण्यानं जात नाही, एवढंच बोलून त्या परत वळल्या. तात्या म्हणाले, "ढेप बोलत न्हाय गं. शेजारी बसून काय होतंय ते मला कोण सांगणार? गाडीची एवढी भीती बसली व्हय तुला?"

विमलाबाई थांबल्या. "गाडीची भीती न्हाय मला. पुन्हा तोंडातनं नाव आलं तर? तुमचं आयुष्य काय माझ्या जिभेवर ठेवू?" आणि डोळ्यांना पदर लावला.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. त्या वळणावरची एकमेव साक्षीदार मी. पण माझ्याजवळ एक भोंगा, तोही दाबल्याशिवाय वाजत नाही. देवाची कृपा की तात्यांनाच बोलायचं सुचलं.

"माझे हात गोठले व्हते विमल. तू नाव घेतलंस म्हणून चाक फिरलं. आयुष्य कमी न्हाय झालं, तिथनं पुढचं सगळं तूच दिलेलं हाय."

विमलाबाईंनी बादलीत फडकं पिळलं आणि सीट स्वतः पुसली.

रविवारी त्या बसल्या. हळू चालवा म्हणाल्या, डोळे मिटून घेतले आणि वाघबीळपर्यंत माझ्या हालचाली नुसत्या अंगानं ऐकत राहिल्या. परत आल्यावर त्यांनी लालासाबला सांगितलं, "सरकणं नंतरचं, भाऊजी. आधी उडतंय. उडायचं थांबवा, सरकायचं आपोआप थांबल." लालासाब तोंडात बोट घालून उभा राहिला. आम्ही सगळे सरकण्याच्याच मागं लागलो होतो.

मग मागच्या ढेपा उतरल्या आणि वाढवलेले पाटे निघाले. शॉकअब्सॉर्बर या लांबलचक नावाचं लालासाबनं 'धक्केखाऊ' करून टाकलं होतं. त्यांत त्यानं दाट तेल भरलं, म्हणजे कमान खाली बसली तरी उसळी हळू मारेल. चाकांतली हवा कमीजास्त करून पाहिली. दर फेरीनंतर विमलाबाई सांगायच्या, धक्का पाठीला कळतोय, पोटाला नाही. किंवा आता उजवीकडं बरं, डावीकडं न्हाय. त्यांच्या सांगण्यावरून मी हळूहळू पुन्हा माझी झाले. वळणावर जराशी कलायला लागले. कलणं म्हणजे पडणं नव्हे, एवढं कळायला त्या तिघांना एक पावसाळा आणि तीन ढेपा लागल्या.

दसरा झाल्यावर आम्ही पन्हाळ्याला निघालो. तेच वळण आलं. चाकोऱ्या तशाच होत्या. मी त्या गिळल्या, खाली बसले, कललो आम्ही तिघंही, आणि चारही चाकं मातीला धरून मी पलीकडं निघाले. विमलाबाईंनी समोर बघतच म्हटलं, "नृसिंह, जरा जोरात घ्या की."

तात्यांचं चाक तेवढ्यापुरतं हललं, पण मी सांभाळून घेतलं.

त्यानंतर ते नाव माझ्यातच राहिलं. पुलाच्या अलीकडं 'अवो', पलीकडं नृसिंह. पुढं दोन मुलं झाली. मांडीवर बसवून काही दिवस भागलं, मग नाही भागलं. गेल्या महिन्यात चार दारांची मोठी मोटार आली. तिच्यात अक्काही ऐसपैस बसतात. उद्या मी सांगलीला जायची आहे, एका तरुण वकिलाकडं. बाबा रे, माझ्या कमानी ताठ करू नकोस आणि शेजारी बसेल तिला विचारत जा, एवढंच माझं त्याला मागणं.

आज सकाळी विमलाबाई इथं आल्या. डाव्या सीटवर बसल्या. शिवणीत नख घालून पाहिलं, गूळ अजून आहे. माझ्या दारावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तू चाललीस. आता नाव घ्यायचं कुठं?"

छपराच्या तोंडाशी तात्या कधी येऊन उभे राहिले होते, आम्हा दोघींनाही कळलं नाही. ते म्हणाले, "घरात घे की."

विमलाबाई उठल्या. आत निघून गेल्या. मी वाट पाहत राहिले. स्वयंपाकघराची खिडकी या छपराकडंच उघडते. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, नेहमीचा, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "नृसिंह, चहा झालाय. या."

अक्कांच्या हातातलं काहीतरी खाली पडलं. मग अक्कांचाच आवाज आला, "ऐकलंस का तात्या? बोलावतीया तुला."

आता मी सांगलीला जायला मोकळी आहे.