लाटण्याचं रक्त

हॉलच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत माणसांचा. मधोमध प्लास्टिकचा टब, त्यात पाणी, पाण्यात तांब्याची जाळी लावलेलं एक विजेचं यंत्र. स्वतःला रक्तगुरू म्हणवणारा बाबा त्यात मूठभर ‘सिद्ध’ मीठ टाकून गर्जायचा, "पोटाचं विष रक्तात, रक्ताचं विष पायात, पायाचं विष पाण्यात! चाकू नाही, टाका नाही!" असं ओरडताना त्याची स्वतःची ढेरी मांडीवर येऊन बसायची. तिच्यातलं विष कधी काढणार, हे कोणी विचारत नसे.

आज टबात खानावळवाल्या काकूंच्या सुनेचे पाय होते. कालपासून पोटात उजवीकडे कळा येत होत्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, अपेंडिक्स सुजलंय, आजच ऑपरेशन. पण काकूंचा लेक चाकूला भ्यायचा, दुसऱ्याच्या पोटावरच्यासुद्धा.

"देव अक्कल वाटत होता तेव्हा चाळणी घेऊन गेला होतास का रे?" काकू म्हणाल्या.

"आई, गप्प बस गं. बघ, पाणी बदलतंय!"

बदलत होतं खरं. आधी पिवळं, मग तांबूस, मग गढूळ लाल, वर फेस. "निघालं, निघालं!" गर्दी ओरडली. तेवढ्यात सुनेनं डोळे उघडले. "आई, दुखायचं थांबलं हो."

जयजयकार झाला. काकूंनाही वाटलं, असेलही बाई काही.

संध्याकाळपर्यंत सुनेचं पोट फळीसारखं ताठ झालं, अंग तापलं, ती भलतंच बरळू लागली. उचलून दवाखान्यात नेली.

"दुखायचं थांबलं, तेव्हाच अपेंडिक्स फुटलं," ऑपरेशन आटोपून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुटलं की ताण जातो, कळ थांबते. आणि पू पोटभर पसरतो."

अतिदक्षता विभागात एक यंत्र नळीतून सुनेचं रक्त ओढून, गाळून, परत आत सोडत होतं. लेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हणजे तुम्हीही रक्तच शुद्ध करताय! गुरूही तेच—"

"आधी पोट उघडून पू धुतला आम्ही. हे यंत्र नुसतं हातभार लावतं, मूत्रपिंडं थकलीत म्हणून. नळ चालू ठेवून फरशी पुसली तर घर कोरडं होतं का? आणि तळपायाला भोकं नसतात हो, रक्त गळायला." मग त्यांचा आवाज खाली आला. "फार उशिरा आणलंत."

सून गेली.

काकू रडल्या नाहीत. खानावळीतलं लाटणं उचलून थेट हॉलवर गेल्या. टबात एका पोरीचे पाय होते. ती पोट धरून कण्हत होती आणि तिची आई हात जोडून उभी होती.

"गुरू, आधी तुमचे पाय ठेवा."

"माई, आम्ही शुद्धच आहोत."

"मग पाणी नितळ राहील. ठेवा की!"

गुरूनं पाय आसनाखाली ओढून घेतले. काकूंनी पोरीचे पाय बाहेर काढले, टबातलं पाणी फेकून ताजं भरलं, मीठ घातलं, लाटणं बुडवलं आणि बटण दाबलं. पिवळं, तांबूस, लाल. वर फेस.

"लाटण्याला कुठली बाधा झाली रे, मुडद्या?"

बटण बंद करून त्यांनी तांब्याची जाळी उपसली. आत लोखंडी पट्ट्या होत्या, गंजून गंजून कुरतडल्यासारख्या. खारं पाणी, वीज आणि लोखंड, त्यातून सुटतो तो गंज. रक्ताचा त्यात थेंब नाही.

पोरीच्या आईनं लेक खांद्यावर टाकली आणि ती दवाखान्याकडे पळत सुटली. मागून कोणी गहिवरून म्हणालं, "लाटण्यातलंसुद्धा विष काढलं हो महाराजांनी!"

काकूंचा लेक मागोमाग आला होता, आणि सवयीनं हात जोडून उभा होता. काकूंनी त्या जोडलेल्या हातांत ओलं लाटणं खुपसलं.

"घे. तुझी पोरं घरी उपाशी बसलीत. आता तूच लाट."

बायाबापड्यांनो, पोटात कळ आली तर डॉक्टरकडे जा, आणि आपोआप थांबली तर धावत जा. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर त्यात आधी लाटणं बुडवून बघा. आपलं माणूस नको.