पिसांतली फुंकर

आमच्या ह्यांच्या मास्कचं कौतुक काय सांगू! कोंबड्यांच्या शेडवर हे मुकादम. फाटकात उभं राहून येईल त्याचे बूट जंतुनाशकात बुडवून घ्यायचे आणि कुणाचा मास्क नाकाखाली दिसला की अंगावर धावून जायचे. एकदा तर खुद्द मालकांना परत पाठवलं.

मग कोंबड्या मरायला लागल्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, बर्ड फ्लू. रानबदकांच्या विष्ठेतून आला असेल. कोंबडीच्या लाळेत, पिसांवरच्या धुळीत राहतो, नाकाडोळ्यांत गेला की माणसालाही धरतो. ह्यांनी ते गड्यांना असं समजावलं, जणू विषाणू ह्यांच्याच हाताखाली कामाला होता.

आणि स्वतः? मलूल कोंबडी उचलायची, मास्क हनुवटीवर ओढायचा आणि पिसांत फुंकर मारायची! पिसं बाजूला झाली की कातडीचा रंग दिसतो, आजार कळतो. सगळी हयात हेच केलेलं. मी डबा द्यायला गेले तेव्हा दारातूनच पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, मास्क!"

"तू मध्ये बोलू नकोस. मास्कमधून फुंकर मारता येते का?"

आठवडा सरायच्या आत तापाने फणफणले. डोळे लालभडक, बोलतानाही धाप. दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. पण त्या 'सहसा'वर विसंबू नका. मास्क काढायचा नाही."

"मला नका शिकवू," मी म्हटलं, "मी काही कोंबड्या फुंकत नाही."

राग येत होता आणि रडूही. हा माणूस गेला तर मी भांडू कुणाशी?

एका सकाळी ह्यांनी डोळे उघडले. "भूक लागलीय," म्हणाले. मला काय आनंद झाला! नर्सने ठेवलेलं सूप घेतलं. चांगलंच वाफाळत होतं. चमचा भरला, फुंकर मारून निववला, ह्यांच्या तोंडाशी नेला.

हे सूप सोडून माझ्याच तोंडाकडे बघत होते. अंगात त्राण नव्हतं, पण मुकादमी जाते कुठे?

"अगं... मास्क!"

मी हनुवटी चाचपली. मास्क तिथेच होता. तेवढ्यात ह्यांना खोकल्याची उबळ आली, ती थेट माझ्या तोंडावर.

आता मी शेजारच्या खोलीत आहे. ताप अजून नाही, पण भीती वाटते, खोटं कशाला बोलू? मधल्या काचेतून हे सारखं बोटाने नाक दाखवतात, मास्क वर घे म्हणून. खोलीत मी एकटीच आहे. तरी घेते.